उचललेली ओळ

बाई, आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं न्हाई. भांडणाचा नियम तुमचाच होता. बोलणं पुरं झाल्याशिवाय उठायचं न्हाई, मंग दूध उतू गेलं तरी चालेल. एकदा खरंच उतू गेल्तं. मी चुलीकडं पळाले तर तुम्ही माझा पदर धरून मला खाली बसवलं. "दूध उद्या परत येतं गं, बोलणं न्हाई येत. बोल पुढं." आणि आता बघा, स्वतःच उठलात. जाताना एक शब्द न्हाई.

परवा तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला, शेजारून आणलेली पातेली परत केली. वैशाली, तुमची सून, तेव्हापासून सारखं काहीतरी धुऊन राह्यली. धुतलेलं परत धुती. मी तिला काही बोलत न्हाई, माझंही तेच चाललंय. मला अंगणवाडीच्या कामानं रोज लिहायची सवय, म्हणून लिहायला बसले एवढंच. तुम्ही समोर असता तर बोलले असते. बोलले कसलं, भांडले असते.

सख्ख्या जावा म्हणलं की लोक हेवादावा धरूनच चालतात. आपल्यात तो नव्हता असं मी म्हणणार न्हाई. तुमच्या आवाजाचा हेवा मला पहिल्या दिवसापासून होता, पण तो करायला तुम्ही वेळच दिला न्हाई. लग्न होऊन मी टेंभुर्णीला आले, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. तुम्ही चुलीपुढं भाकरी थापत होत्या, मी बाजूला परातीत पीठ मळत होते. तुमचं गाणं चाललेलं. म्हणता म्हणता तुम्ही एक ओळ शेवटाला सोडून दिली आणि माझ्याकडं बघितलं. मी आपली मळत राहिले. "अगं, उचल ना! मी काय हवेत सोडू का?" मी घाबरून इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पिठाची परात उचलली. चांगली दोन्ही हातांनी, डोक्याइतकी.

हसता हसता तुम्ही चुलीपुढंच फतकल मारून बसलात. भाकरी करपली. सासूबाई आतून ओरडल्या, "काय दात काढून राह्यल्या गं दोघी!" पुढं भजनी मंडळात कुणी नवी बाई आली की हे तुम्ही सांगायच्याच. "आमच्या नंदीला म्हणलं उचल, तर तिनं परात उचलली." मला दर वेळी राग यायचा. आता कोण सांगणार ते?

मंग तुम्ही शिकवलं. भजनात पुढची बाई ओळ म्हणती आणि शेवटाला सोडून देती, मागची ती उचलती, तेवढ्यात पुढची दम घेती. म्हणलं तर एवढंच आहे. पण उचलायची कधी? "जल्दी उचलली तर तोंडातला घास काढून घेतल्यावानी होतं, अन् उशीर केला तर ओळ खाली पडती. बराबर तिथंच उचलायची." तिथं म्हणजे कुठं, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या तोंडाकडं बघू नको, तोंड फसवतं. उजव्या खांद्याकडं बघ. दम सरला की खांदा पडतो." आणि खरंच पडायचा. इतका थोडा पडायचा की दुसऱ्या कुणाला दिसला नसता. मंगळवारी देवीच्या देवळात सगळ्या बायका तुमच्या तोंडाकडं बघायच्या आणि मी तुमच्या खांद्याकडं.

मला शाळेत गुरुजींनी सांगितलेलं, तू गाऊ नको, नुसते ओठ हलव. त्या माझ्याकडून तुम्ही गावासमोर गाऊन घेतलंत. हे मी कधी तुम्हाला बोलून दाखवलं न्हाई. दाखवलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बास झालं कौतिक, चहा ठेव. पण तरी बोलायला पाहिजे होतं. बाई, माझ्या आयुष्यात मला स्वतःचं असं जे काही मिळालं ते तुमच्या पाठीमागं बसून मिळालं.

मंग ती जीप.

तुम्ही माहेराहून, घनसावंगीहून, परत निघालेल्या. ऊसतोडीचे दिवस. मागं बसलं की मळमळतं म्हणून तुम्ही नेहमीसारखं ड्रायव्हरच्या बाजूला बसल्या. दिवस मावळलेला, रस्त्यावर उसाची ट्रॉली बंद पडलेली, मागं ना दिवा ना काही. बाकीच्यांना खरचटलं. तुमचा गळा समोरच्या लोखंडावर बसला. संभाजीनगरच्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी घातली तेव्हा मी दाराच्या काचेतून बघितलं आणि माझ्या मनात आलं, देवा, बाकी काहीही मोडायचं होतंस, हात मोडायचा होतास, पाय मोडायचा होतास. तुमचा उजवा खांदाही मोडला होता म्हणे. पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष होतं?

दादा, माझे थोरले दीर, दवाखान्याच्या जिन्यात बसून असायचे. आत यायचे, तुमच्या तळपायाला हात लावून गरम आहे का बघायचे, आणि परत जिन्यात जाऊन बसायचे. मोठे डॉक्टर आले तेव्हा आम्ही सगळे तुमच्या खाटेभोवती होतो. ते म्हणाले, "नळी निघेल. बोलायला येईल. गाण्याचं मात्र आता विसरा." आम्हाला सांगितलं, पण ऐकलं तुम्हीही. तुम्ही भिंतीकडं तोंड केलं. मी तुमच्या अंगावरची चादर नीट केली. नीटच होती ती.

नळी निघाली, जखम भरली. आवाज आला तो वाळूत फावडं घातल्यावानी. पहिला शब्द तुम्ही बोललात तो "पाणी", आणि स्वतःच दचकलात. कोण बोललं म्हणून. घरी आल्यावर रस्त्यावर हॉर्न वाजला की तुमच्या हातातलं पडायचं. कपबशा गेल्या, माठ गेला. जीपमधी तर सोडाच, तुम्ही बैलगाडीतही बसेनात. मंगळवारी देवळातून टाळांचा आवाज यायला लागला की उठून खिडकी लावून घ्यायच्या. भर उन्हाळ्यात, वारा न्हाई, घामानं डबडबून बसायचं, पण खिडकी बंद. मी देवळातून परत यायचे आणि तुमच्याकडं न येता सरळ माझ्या घरात जायचे. दोन दारांत एक भिंत. ती ओलांडून यायला मला जमायचं न्हाई.

तुमच्या जागी कांताबाई म्हणायला लागल्या. मी त्यांच्या मागं. एक दिवस तुम्ही विचारलंत, "कांताचा खांदा पडतो का गं?" मी म्हणलं, "खांदा कसला पडतो बाई, त्या दम सरला की जागीच उभ्या राहतात, पंक्चर झालेल्या गाडीवानी." तुम्ही हसलात. त्या फावड्याच्या आवाजात हसलात, आणि मंग तोंडावर पदर घेतलात. मी तिथंच बसून राहिले. हसू नका म्हणू, का रडू नका म्हणू, मला कळेना.

वैशालीला मुलगी झाली आणि बारसं आलं. पाळणा कोण म्हणणार हे कुणी कुणाला विचारलं न्हाई, कारण या घरात पाळणा कोण म्हणतं हे सगळ्या गावाला माहीत. तुम्ही स्वैपाकघरात घुगऱ्या ढवळत बसल्या, बाहेर आल्याच न्हाई. बायका ताटकळल्या. कांताबाई म्हणाल्या, मला शब्द येत न्हाईत. मंग वैशालीच्या भावजयीनं डोकं चालवलं. मोबाईलवर पाळणा लावला आणि मोबाईल पाळण्यातच ठेवला, बाळाच्या उशाशी. पाळणा चांगला होता हो, कुणी शहरातली बाई म्हणत होती, मागं बासरी. दोन कडवी झाली आणि मधातच जाहिरात लागली. बोअरच्या मोटारीची! "शेतकरी मित्रांनो, पाण्याची चिंता सोडा!" बाळ दचकून रडायला लागलं, बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

तुम्ही घुगऱ्यांचा पळा हातात घेऊन बाहेर आलात. "काढा ते! काढा म्हणते ना! पोरगी काय रानात मोटार बसवायला जन्मली का?" आणि पाळण्याची दोरी हातात घेऊन तुम्ही म्हणायला लागलात. खाली, अगदी खाली, बोलल्यासारखं. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, आणि फाटल्याबरोबर मी मागून उचलली. मी ठरवून केलं न्हाई. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून गेलं. मंग सगळ्याच म्हणायला लागल्या आणि पाळणा पार पडला. बायकांनी डोळे पुसले. तुम्ही मात्र माझ्याकडं एकदाच बघितलंत. ते बघणं मला तेव्हा समजलं न्हाई. मला वाटलं, शाबासकी आहे.

तिथून तुम्ही परत सुरू झालात. त्या साली कापूस भरपूर होता, भाव पडलेला, म्हणून दादांनी विकला न्हाई. तुमच्या घरची मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, माणूस जेमतेम उभं राहील एवढी जागा दाराशी. रोज सकाळी तुम्ही त्यात जाऊन दार लावून घ्यायला लागल्या. दादा म्हणाले, "प्रयागा, कापसात काय करून राह्यली तू? अंगाला खाज सुटंल." तुम्ही म्हणालात, "सुटू द्या." कापसात आवाज मरतो हे तुम्हाला बराबर ठाऊक होतं. बाहेर काही येत नव्हतं. मी भिंतीला कान लावून बघायचे, बाई, आता सांगते. मला फक्त खोकला ऐकू यायचा. खोकला, मंग बराच वेळ काही न्हाई, मंग परत खोकला. बाहेर आलात की केसात कापसाचे पुंजके, मानेवर लाल चट्टे. मी पुंजके काढायचे.

होळीच्या आसपास भाव जरा चढला आणि कापूस गेला. गाडी भरून गेल्यावर मी खोली झाडायला लागले, तुम्ही दारात उभ्या. रिकामी खोली, चारी भिंती उघड्या. तुम्ही आत आलात आणि सवयीनं एक ओळ म्हणलीत. आवाज भिंतीवरून परत आला. सगळा हिवाळा ज्याला तुम्ही कापसात पुरून ठेवलं होतं तो तुमच्या समोर उभा राहिला. जाडा, खरबरीत, पण ओळ सरळ होती बाई, ओळ सुरात होती! तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात आणि रडलात. मी झाडणी टाकून तुमच्याजवळ बसले आणि मीही रडले. "नंदे," तुम्ही म्हणालात, "हा माझा न्हाई गं आवाज. पण आता हाच हाय." मंग नाक पुसून म्हणालात, "कोपऱ्यात जाळं राह्यलं बघ."

नवरात्रात तुम्ही देवळात म्हणायचं ठरवलंत. तेही कुठलं गाणं, तर तुमच्या वडिलांनी जोडलेलं देवीचं.

"पाय पोळले गं माय, वाट सरंना उन्हाची,
एकदा तरी म्हण मला, आलीस का गं लेकी."

ती दुसरी ओळ चढती. 'आलीस का' ला वर जायचं आणि तिथं थांबून राहायचं. चांगल्या आवाजाच्या दिवसांतही तिथं तुमच्या कपाळावर शीर उठायची. मी म्हणलं, दुसरं घ्या बाई, खालच्या पट्टीतलं घ्या. तुम्ही ऐकलं न्हाई. उलट मलाच बजावलंत, "त्या ओळीला तू उचलू नको. मी शेवटपर्यंत जाते. तुटले तर तुटू दे. बिलकुल उचलू नको, ऐकलं का?" मी ऐकलं म्हणलं.

देऊळ भरलेलं. दुखण्यातून उठलेली बाई गाती म्हणून शेजारच्या गावच्याही बायका आल्त्या. तुम्ही हिरवं लुगडं नेसून पुढं बसल्या, गळ्यावरच्या खुणेवर काळी पोत. सुरुवात छान झाली. तो जाडा आवाज गाण्याला शोभत होता. उन्हात चालून आलेल्या बाईचा आवाज असाच असणार की! पहिली ओळ परत परत घेऊन तुम्ही दुसरीला हात घातलात. चढल्या. 'आलीस' झालं. 'का' ला गेलात आणि मला तुमचा खांदा पडलेला दिसला.

मी काय करायला पाहिजे होतं, बाई? तुम्ही सांगितलं होतं, मला आठवतही होतं. पण समोर ती सगळी गर्दी, आणि तुमचा खांदा पडला. बायांचे कीव आलेले चेहरे मला आधीच दिसायला लागले. मी उचलली. मोठ्यानं उचलली, चांगली वर नेली. मागच्या सगळ्या माझ्या पाठोपाठ आल्या. देऊळ दणाणलं. लोक म्हणाले, काय म्हणलं प्रयागबाईंनी, जशाच्या तशा हायेत! तुटल्याचं कुणाला कळलंच न्हाई. मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळून नेलं.

त्यानंतर किती दिवस तुम्ही माझ्याशी बोलल्या न्हाई. भाजीची वाटी मात्र रोज पाठवायच्या, वैशालीच्या हाती. एक दिवस मी वाटी घेऊन स्वतःच आले. तुम्ही ओट्यावर तूर निवडत होत्या. मी शेजारी बसून निवडायला लागले.

"नंदे, मी तुटले नसते," तुम्ही खाली बघतच म्हणालात.

"तुटत व्हत्या बाई. मी बघितलं ना. खांदा पडला व्हता."

"अगं, जीपमधी मोडलेला खांदा हाय तो! हात जरा वर धरला की दुखून खाली येतो. त्याचा अन् दमाचा काही संबंध राह्यला न्हाई आता. तू त्याच्याकडं बघून उचलली?"

माझ्या हातातली तूर तशीच राहिली. हे माझ्या डोक्यातच आल्तं न्हाई. तुम्हीच शिकवलेलं, खांद्याकडं बघ. मी खांद्याकडं बघितलं.

"पण दमही सरला असंल की," मी म्हणलं. मी काही ऐकून घेणारी न्हाई, तुम्हाला माहीत आहे.

"असंल. नसंल. तू कळूच दिलं न्हाई. मलाही न्हाई."

"लोक हसले असते बाई."

"हसू दे की! माझं हसं झालं असतं ना? ते माझं असतं. एवढा हिवाळा कापूस खाल्ला मी, नाकातोंडात कापूस. तो आवाज कसा का असंना, लोकांनी ऐकायला पाहिजे व्हता. त्यांनी तुझा ऐकला अन् मला वाहवा दिली."

"मंग काय उघड्यावर तुटू द्यायचं व्हतं का तुम्हाला? माझ्यानं न्हाई बघवत!"

"तुझ्यानं बघवत न्हाई म्हणून मी गायचं न्हाई?"

मी उठले. म्हणलं, तुम्ही हट्टी आहात. तुम्ही म्हणालात, "बस खाली, बोलणं व्हायचंय." मी बसले, पण ते काही झालं न्हाई. त्या दिवशी न्हाई आणि पुढंही न्हाई. कधी भांडी घासताना निघायचं, कधी रानात सरकी टोबताना. कधी हसत, कधी रागानं. तुम्ही म्हणायच्या, तो स्वर आला असता. मी म्हणायचे, न्हाई आला असता. शेवटी तुम्ही तोडगा काढलात. "येत्या नवरात्रात परत तेच गाणं म्हणते. तू माझ्या मागं बसायचंच न्हाई. समोर बायकांत बसायचं, मांडीवर हात ठेवून. मंग कळंल कोण खरं." मी म्हणलं, "बघू." तुम्ही म्हणालात, "बघू न्हाई. बसायचं." मी परत म्हणलं, बघू. मला खरंच समोर बसणं झालं असतं का, हे माझं मलाच माहीत न्हाई.

पावसाळ्यात तुम्हाला खोकला धरला. साधाच वाटला. कापसाच्या खोलीतही तुम्ही खोकायच्याच. मंग चालताना धाप, मंग बोलताना धाप. जालन्याला नेलं. जुन्या जखमेपाशी श्वासाची नळी आतून आवळत आली आहे आणि छातीत कफ भरलाय, असं डॉक्टर म्हणाले. संभाजीनगरला हलवायचं ठरेपर्यंत तुमच्यात हलवण्याजोगं काही राहिलं न्हाई. मी दोन दिवस तुमच्या उशाशी होते. तोंडावर मास्क, त्यातून बोललेलं काही कळेना. मी तुमच्या कानाशी जाऊन म्हणलं, "बाई, ते भांडण सोडा आता. तुमचंच खरं. आला असता." मला वाटलं, हे ऐकून तुम्हाला बरं वाटंल. तुम्ही डोळे उघडलेत आणि मान हलवलीत. न्हाई. खोटं नको, असं. मंग हाताचा पंजा थोडा वर केलात. थांब. नंतर बोलू.

तुमचा खांदा वर-खाली होत होता, दुखरा असो की काही असो, श्वासाला तोच ओढत होता. मी त्याच्याकडं बघत बसले. काय करणार होते? आयुष्यभर तुमचा दम सरला की मागून उचलायला मी होते, आणि जिथं खरोखर दम हवा होता तिथं माझा काही उपयोग न्हाई. नर्सबाईंनी मला बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले बाजूला.

तेराव्याला संध्याकाळी कांताबाई आणि मंडळाच्या सगळ्या आल्त्या. कुणी टाळ आणले नव्हते. कुणीतरी म्हणलं, बाईंचा आवाज ऐकायचा, कुणाकडं काही आहे का? सगळ्यांनी आपापले मोबाईल बघितले. कुणाकडं काही निघंना. तुम्ही कधी भरू दिलाच न्हाई ना आवाज! कुणी मोबाईल वर धरला की ओरडायच्या, "ऐकायला आली का फोटो काढायला?" शेवटी वैशालीच्या मोबाईलमधी निघालं. नवरात्रातल्या त्या दिवशी तिनं स्टेटसला ठेवायला थोडं घेतलं होतं. अगदी थोडं. गाणं रंगात आल्यावर तिला सुचलं, म्हणून ते सुरूच होतं 'आलीस' संपल्यावर, 'का' पासून.

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला, काकू तुम्हीच लावा. मी लावलं. हिरवं लुगडं, काळी पोत. तुमचं तोंड उघडं आहे, शीर उठलेली आहे, डोळे मिटलेले. आणि आवाज माझा. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा, आणि मागं सगळ्यांचा. तुमचं तोंड हलतंय, बाई, त्यातून काही येत असंल, पण मी इतक्या मोठ्यानं उचलली आहे की खाली काही राहिलंच न्हाई. मी परवापासून ते कानाला लावून ऐकून राह्यले. तुम्ही तिथं तुटलात का पोहोचलात, ते त्यात न्हाई.

त्या संध्याकाळी बायका म्हणाल्या, वा, काय आवाज होता, आणि डोळ्याला पदर लावला. त्यांना खरंच वाटलं ते. दादा भिंतीला टेकून बसले होते. तुम्हाला माहीत आहे, थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं न्हाई, ही आपल्या घरची रीत त्यांनी इतकी वर्षं पाळली. चहा हवा असला तरी भिंतीकडं बघून म्हणायचे, "कुणी चहा ठेवतं का?" माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते सरळ माझ्याकडं बघत होते.

"नंदा," ते म्हणाले, "हा तुझा हाय. तिचा लाव."

मी म्हणलं, "लावते दादा." आणि परत तेच लावलं.